सेक्टर १०, पण कुठला?
ताई, संस्थेच्या देणगीदारांच्या यादीत एकच देणगीदार तीनदा का दिसतो असं विचारलंत ना, आमच्याकडे नेरुळला सेम लफडं होतं. नावावरून शोधूच नका, एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं चार तऱ्हेची निघतात, आधी मोबाइलने शोधा आणि मगच नवी नोंद करा. पण नवरा-बायको एकच नंबर देतात, त्यामुळे पॅन पण बघायचा. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असतं, व्यक्तीचा असेल तर चौथं अक्षर पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं, एवढं बघितलं तरी बऱ्याच चुका तिथेच सापडतात (लग्नानंतर आडनाव बदललं की हा नियम फसतो म्हणा). २०२१-२२ पासून ८०जीच्या (आयकरात सूट मिळणाऱ्या) देणग्या फॉर्म १०बीडीत, म्हणजे आयकर खात्याकडच्या देणग्यांच्या विवरणात, भरायला लागलो आणि त्यातूनच देणगीदाराचं सर्टिफिकेट निघायचं, तेव्हा पॅनचं एक अक्षर चुकलं तरी फोन यायचे.

आणि पत्ता! "सेक्टर १०, नवी मुंबई" लिहून ठेवतात लोक, अहो वाशीतही आहे, नेरुळलाही, ऐरोलीतही. आमची दिवाळीची पत्रं अशीच परत आली गठ्ठाभर. आता नोडचं (म्हणजे वाशी, नेरुळ अशा उपनगराचं) नाव आणि पिनकोड नसेल तर एन्ट्री सेव्हच होत नाही, हे कंपल्सरी करून घ्या तुम्हीपण.