मदत हवी आहे: घरच्या नोंदींसाठी साधं सेल्फ-होस्टेड (आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचं) टूल कुठलं घेऊ?

वस्तूंची वॉरंटी, मीटर रीडिंग, औषधांची एक्स्पायरी, गाडीचं सर्व्हिसिंग हे सगळं सध्या वेगवेगळ्या एक्सेल शीटमध्ये पडलंय आणि ते एकमेकांना जोडता येत नाही. मला असं हवंय की फ्रिज ही एक नोंद, तिच्याखाली बिलाचा फोटो, दुरुस्तीच्या तारखा, कुठला पार्ट बदलला आणि किती खर्च आला ते सगळं दिसलं पाहिजे.

घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स आणि डॉकर (अ‍ॅप्स वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) चालतंय. अशा टूल्सपैकी बेसरो बघितलं, छान आहे पण त्याला पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस) लागतं, घरच्या वापराला जरा जड वाटतं. नोकोडीबी हे दुसरं टूल एसक्यूलाइटवर (एकाच फाइलमध्ये राहणारा हलका डेटाबेस) चालतं. मन मात्र ग्रिस्ट या तिसऱ्या टूलकडे ओढतंय कारण त्यात प्रत्येक डॉक्युमेंट म्हणजे एक एसक्यूलाइट फाइलच असते, उद्या टूल बंद पडलं तरी डेटा आपल्या हातात राहतो आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

घरातले बाकीचे मोबाईलवरूनच नोंद करणार, तर ग्रिस्टचा फॉर्म मोबाईलवर नीट चालतो का? आणि फोटोंसकट बॅकअप तुम्ही कसा घेता? कोणी रोज वापरत असेल तर प्लीज सांगा.