आळशी डोळ्याची पट्टी: मुलांना सवय लावताना आलेले अनुभव

आमच्या मुलीच्या एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त निघाला. वरून डोळा अगदी निरोगी दिसतो, पण मेंदूला त्याच्याकडून येणारे अंधूक चित्र नकोसे होते आणि तो चांगल्या डोळ्यावरच विसंबून राहतो. म्हणून आधी चष्मा आणि पुढे चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी, असा उपचार ठरला. पट्टी लावल्यावर मुलाला खरोखरच कमी दिसते, त्यामुळे त्याचे रडणे हा हट्ट नसतो, एवढे घरातल्या मोठ्यांना पटले तरी बरेचसे साधते, असे मला वाटते. ज्यांनी हा काळ अनुभवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तीन वर्षांच्या मुलीची आई: पट्टीच्या वेळात डोळ्याला आवडीचे काम मिळाले की हात पट्टीकडे कमी जातो. आम्ही रंगीत मण्यांचा एक डबा फक्त त्याच वेळी काढायचो. सुरुवातीला ती मणी आणि दोरा अगदी नाकाशी धरून ओवायची, भोक चुकले की चिडायची, म्हणून मोठ्या भोकाचे मणी आणले. काही महिन्यांनी तोच दोरा मांडीवर ठेवून ती ओवू लागली, तेव्हा तपासणीच्या आधीच आम्हाला फरक कळला होता. जिना उतरताना मात्र हात धरावाच, कारण पट्टी असताना खोलीचा अंदाज चुकतो.

एक वडील: त्वचा लाल होत असेल तर पट्टीची दिशा रोज बदलावी आणि काढताना कडा कोमट पाण्याने भिजवाव्यात.

सहा वर्षांच्या मुलाची आजी: चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी नातवाला आवडली, पण तो नाकाच्या बाजूने हळूच चांगल्या डोळ्याने बघायचा, म्हणून पुन्हा चिकटपट्टीवर यावे लागले. शाळेत बाईंनी वर्गाला कारण समजावून सांगितल्यावर चिडवणे थांबले. ओळखीच्या एका मुलीला पट्टी अजिबात सहन होईना, तेव्हा डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब दिले. त्याने त्या डोळ्याला जवळचे धूसर दिसते, मात्र उन्हाचा त्रास होतो.

उपचार पूर्ण झालेल्या मुलाचे वडील: जास्त तास म्हणजे जास्त फायदा, असे समजून वेळ वाढवू नये. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, मध्यम स्वरूपाचा दोष असलेल्या सात वर्षांखालील मुलांना रोज 2 तास आणि 6 तास पट्टी लावल्यावर चार महिन्यांनी जवळपास सारखीच सुधारणा दिसली. दोष तीव्र असेल तर तास वेगळे ठरतात. गरजेपेक्षा जास्त झाकल्यास चांगल्या डोळ्याचीही नजर घटू शकते, म्हणून प्रत्येक तपासणीत दोन्ही डोळे पाहिले जातात. नजर सुधारल्यावर डॉक्टरांनी पट्टी टप्प्याटप्प्याने कमी केली. काही मुलांची नजर नंतर पुन्हा घसरते, त्यामुळे आमच्या तपासण्या अजून चालू आहेत आणि चष्मा तर रोजचाच आहे.