लॅम्डा + ईसीटू वर्कर: एकच बिल दोनदा जातंय

कोथरूडकर: सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं ॲप आहे. सेक्रेटरीने बटण दाबलं की लॅम्डा फंक्शन (ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर न सांभाळता चालणारा कोड) एसक्यूएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या मेसेजांच्या रांगेत (क्यू), मेसेज टाकतं. मुंबई रीजनमधल्या ईसीटूवर (भाड्याच्या सर्व्हरवर) पायथन वर्करच्या, म्हणजे मागे काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन प्रोसेस चालतात. त्या मेसेज उचलून अख्ख्या सोसायटीच्या पीडीएफ बनवतात आणि मेल करतात. मोठ्या सोसायटीला दोन-तीन मिनिटं लागतात. १ तारखेला काही जणांना हमखास दोनदा बिल जातं, आणि मधेच डिप्लॉय केलं (नवा कोड चढवला) तर विचारूच नका. वर्कर काढून सगळं लॅम्डावर नेऊ का?

बिनसर्व्हर: न्या की. एका वेळी चालायला १५ मिनिटं मिळतात, सर्व्हर सांभाळायची कटकटच नको.

सर्व्हरमामा: थांबा जरा. स्टँडर्ड क्यू एक मेसेज कधीमधी दोनदा देणारच, लॅम्डावर नेलं तरी. आधी व्हिजिबिलिटी टाइमआउट बघा, म्हणजे उचललेला मेसेज इतरांपासून किती वेळ लपून राहतो ते. डिफॉल्ट ३० सेकंद असतो. तेवढ्यात मेसेज डिलीट झाला नाही की तो परत दिसायला लागतो आणि दुसरी प्रोसेस त्यावर झडप घालते.

पण माझ्या मते सोसायटीमागे एक मेसेज हेच जड आहे. फ्लॅटमागे एक टाका. फ्लॅट आणि महिना मिळून डेटाबेसमध्ये युनिक की (एका जोडीची एकच नोंद) ठेवा, मेल करण्याआधी तिथे नोंद बघा.

डिप्लॉयचं म्हणाल तर रीस्टार्टला सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्रॅम चालू-बंद करणारं) आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरा आता' असा इशारा, पाठवतं आणि डिफॉल्ट ९० सेकंदांनी सरळ मारून टाकतं. अर्धवट राहिलेला मेसेज मग परत दिसतो. सिगटर्म आला की नवीन मेसेज उचलणं बंद, हातातलं संपवून बाहेर, एवढं कोडमध्ये हवंच. मेसेजमध्ये नवीन फील्ड आलं तर आधी वर्कर चढवायचा, मग लॅम्डा. काढायचं असेल तर उलट, आणि मधे क्यू रिकामी होऊ द्यायची.

लॅम्डावर नेणारच असाल तर देवनागरी फॉन्ट सोबत न्या, नाहीतर बिलावर नुसते चौकोन. पीडीएफसाठी क्रोमियम ब्राउझर वापरत असाल तर झिपची (उघडल्यावर) २५० एमबीची मर्यादा कदाचित पुरणार नाही, मग कंटेनर इमेज (सगळं सामान एकत्र बांधलेलं मोठं पॅकेज) लागेल.

कोथरूडकर: टाइमआउट ३०च दिसतोय! वर्कर ठेवतो. पण ४०० फ्लॅट म्हणजे लॅम्डातून ४०० कॉल?

सर्व्हरमामा: छे, बॅच कॉलमध्ये १० मेसेज जातात, ४० कॉलांत काम होतं. फक्त उत्तरातली फेल्ड यादी तपासा. आतले दोन-चार मेसेज क्यूमध्ये गेले नाहीत तरी कॉल २००च ('सगळं ठीक' हा कोड) देतो, आणि मग ज्याला बिलच गेलं नाही तो काही फोन करत नाही.