कॅमॅरोच्या पिढ्या : ३६० वरून १५५ अश्वशक्ती, ही घसरण खरी किती?

वहीतला_रकाना यांचा प्रश्न

शेव्हरोले कॅमॅरो या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या सहाही पिढ्यांची माहिती मी सध्या वर्षवार एका वहीत उतरवत आहे, आणि दुसऱ्या पिढीपाशी येऊन अडलो आहे. १९७० च्या झेड-२८ (कॅमॅरोचा ताकदवान, वेगवान प्रकार) समोर मी ३६० अश्वशक्ती लिहिले आणि पाच ओळी खाली, १९७५ मध्ये मिळणाऱ्या सर्वांत ताकदवान इंजिनासमोर १५५. दोन्ही इंजिने ३५० घनइंचांचीच आहेत आणि गाडीचा सांगाडाही तोच आहे. 'तेलटंचाईमुळे मसल कार (मोठ्या इंजिनाची वेगवान अमेरिकी गाडी) संपली' हे ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे, पण अरब देशांची तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाली आणि माझ्या वहीतले आकडे त्याआधी दोन वर्षांपासून घसरू लागले आहेत. मग ही घसरण नेमकी कशाची आहे? आणि तसे असेल, तर दुसरी पिढी ही या गाडीची सर्वांत दुबळी पिढी मानावी का?

पाना_आणि_पट्टी

तुमच्या वहीत एकाच रकान्यात दोन वेगवेगळ्या मापांचे आकडे बसले आहेत, गोंधळाचे मूळ तिथे आहे. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या 'ग्रॉस' अश्वशक्ती छापत असत, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या चौथऱ्यावर ठेवायचे, एअर फिल्टर काढायचा, पंखा व अल्टरनेटर यांचा भार द्यायचा नाही, गाडीचा सायलेन्सर लावायचा नाही, आणि मग जो आकडा येईल तो जाहिरातीत द्यायचा. १९७२ पासून सगळी जोडणी चढवून मोजलेली 'नेट' अश्वशक्ती छापली जाऊ लागली. सुदैवाने शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९७१ साठी दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे झेड-२८ च्या एलटी-१ इंजिनापुरता हिशेब सरळ लागतो : १९७१ मध्ये ग्रॉस ३३०, आणि त्याच इंजिनाचे नेट २७५. १९७२ मध्ये नेट २५५. म्हणजे कागदावर ७५ ने पडलेले इंजिन प्रत्यक्षात २० ने पडले.

त्याआधीची ३६० वरून ३३० ही घट मात्र खरी आहे, कारण ते दोन्ही आकडे ग्रॉस आहेत. धुरातले विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक बसवलेले सायलेन्सर येणार हे कंपनीला दिसत होते, शिशाने उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून १९७१ ची सगळी इंजिने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालतील अशी करण्यात आली आणि एलटी-१ चे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ११:१ वरून ९:१ वर आणले गेले. तेलबंदीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

राहिला १५५ चा प्रश्न. १९७४ ची झेड-२८ नेट २४५ ची होती, आणि त्या वर्षाअखेर हा प्रकारच बंद झाला. १९७५ च्या ओळीत तुम्ही लिहिलेले इंजिन हे झेड-२८ चे नव्हे, तर सौम्य कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या दांड्याचे) साधे ३५० आहे, आणि त्याच वर्षी बसलेल्या उत्प्रेरकामुळे त्याला एकाच नळीतून धूर सोडावा लागत होता. पैलवानाच्या ओळीखाली तुम्ही त्याच्या चुलत भावाचे वजन लिहिले आहे.

मागचा_दरवाजा

आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही याचा आणखी एक दाखला देतो. १९७० पासून मोठ्या ब्लॉकच्या (मोठ्या इंजिनाच्या) गाडीवर '३९६' घनइंच हीच पट्टी झळकत राहिली, पण आतले इंजिन ४०२ घनइंचांचे झाले होते. पहिल्या पिढीतल्या झेड-२८ ची २९० अश्वशक्तीही अशीच शंकास्पद होती, फक्त तिथे आकडा मुद्दाम कमी सांगितला असे जाणकार मानतात. ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यत-मालिकेत ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँकशाफ्ट बसवून ३०२ घनइंचांचे इंजिन तयार केले गेले. १९६७ मध्ये अशा अवघ्या ६०२ गाड्या विकल्या गेल्या, आणि पुढे १९६८ व १९६९ ची ट्रान्स-ॲम विजेतेपदे रॉजर पेन्स्की यांच्या संघाच्या कॅमॅरोने चालक मार्क डोनह्यू यांच्या हातून शेव्हरोलेला मिळवून दिली.

दुसरी पिढी खरोखर मरणाच्या दारात गेली ती अश्वशक्तीमुळे नव्हे. १९७२ मध्ये ओहायोतील नॉरवुडच्या कारखान्यात १७४ दिवसांचा संप झाला. संप मिटला तेव्हा अर्धवट बनलेल्या सुमारे ११०० गाड्या साखळीवर तशाच उभ्या होत्या, आणि तोवर १९७३ चे बंपरचे नवे नियम लागू होत असल्याने त्या पूर्ण करून विकण्याची सोय उरली नव्हती. त्या भंगारात काढल्या गेल्या. त्या वर्षीचे उत्पादन ६८,६५१ वर आले आणि ही गाडी बंदच करावी असा विचार कंपनीत सुरू झाला.

वहीतला_रकाना

३६० आणि ३३० पुढे आता 'ग्रॉस' लिहिले आहे आणि १९७५ ची ओळ वेगळ्या पानावर हलवली आहे. पण मग दुबळी पिढी कोणती, हा प्रश्न उरतोच.

पाना_आणि_पट्टी

दुसरी नव्हे, एवढे नक्की. १९७७ मध्ये कॅमॅरोने विक्रीत प्रथमच प्रतिस्पर्धी फोर्ड मस्टँगला मागे टाकले, त्याच वर्षाच्या मध्यावर झेड-२८ परत आली, आणि या गाडीच्या साऱ्या आयुष्यातले सर्वाधिक विक्रीचे वर्ष १९७९ हे आहे : सुमारे २,८२,००० गाड्या. लोकांनी अश्वशक्ती गमावलेली गाडी सोडली नाही. तिचे लांब नाक आणि मागे सरकलेली बैठक त्यांना पुरेशी वाटली.

केवळ इंजिन पाहायचे तर बोट १९८२ कडे जाते, कारण तिसऱ्या पिढीची सर्वांत साधी गाडी चार सिलिंडरची आणि ९० अश्वशक्तीची होती. पण याच पिढीत पुढच्या भागाला बोल्टने जोडलेली वेगळी चौकट गेली, मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, दोन चाकांमधले अंतर १०८ वरून १०१ इंचांवर आले आणि वजन सुमारे ५०० पौंडांनी उतरले. वळणावर ही गाडी आधीच्या दोन्ही पिढ्यांपेक्षा चांगली होती, असे माझे मत आहे, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

मागचा_दरवाजा

वाद घालत नाही, पण कधी तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीच्या गाडीत चालकाशेजारी बसून पाहा. पायाखालच्या जमिनीला एक उंचवटा असतो, खालून जाणाऱ्या उत्प्रेरकासाठी जागा केलेली. पाय नीट टेकत नाही. १९७५ मध्ये नियमापोटी बसलेला डबा पुढे २००२ पर्यंत प्रवाशाच्या तळव्याखाली असा शाबूत राहिला.

आणि वहीत आणखी एक जोडी शेजारी लिहा. १९९३ च्या झेड-२८ मधले ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे एलटी-१ इंजिन २७५ अश्वशक्तीचे होते. सात वर्षांच्या खंडानंतर, ऑस्ट्रेलियातल्या होल्डनने विकसित केलेल्या सांगाड्यावर, मागच्या चाकांना प्रथमच स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन पाचवी पिढी आली. तिच्यानंतर २०१६ मध्ये सहावी, आणि या सहाव्या पिढीच्या चार सिलिंडरच्या, दोन लिटरच्या टर्बो इंजिनाचा आकडाही २७५ होता. दोन्ही नेट आहेत, तेव्हा ही तुलना रकाना न बदलता करता येईल.