मेनोरा खरंच व्हॅटिकनमध्ये आहे का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

दिलीप, ए-१०२: (फॉरवर्डेड) व्हॅटिकनच्या तळघरात दडवलीय ज्यूंची सोन्याची मेनोरा!! जेरुसलेमच्या मंदिरातली सात दिव्यांची समई. दोन हजार वर्षं झाली तरी परत करत नाहीत. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

सुनीता, बी-५०४: काका, त्यापेक्षा लिफ्ट कधी सुरू होणार ते पाठवा 🙏

दिलीप: लिफ्टवाला चारला येतोय. पण हे खरं असेल तर भयंकर आहे हो.

मेधा, सी-४०३: दिलीपराव, मेनोरा रोमला गेली हे खरं. तळघराचं मात्र कुणीतरी जोडून दिलंय. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या फौजेने जेरुसलेम घेतलं, मंदिर जाळलं. पुढच्या वर्षी रोममध्ये विजयाची मिरवणूक निघाली. इतिहासकार जोसेफसने तिचं वर्णन लिहून ठेवलंय. हा स्वतः ज्यू, आधी रोमनांशी लढलेला आणि नंतर त्यांच्याच आश्रयाला गेलेला. सम्राट व्हेस्पेशियनने पुढे शांतिदेवतेचं मंदिर बांधून ही लूट तिथे मांडली. येईल त्याने बघावी म्हणून! दडवायचा प्रश्नच नव्हता.

मेधा: (फोटो) ही रोममधली टायटसची कमान. जरा मोठं करून बघा. दांडे खांद्यावर घेतलेली माणसं, मध्ये मेनोरा. तिच्या बैठकीवर गरुड आणि समुद्रातले राक्षस कोरलेत.

ओंकार, ए-७०१: दगड तर पांढरा आहे. सोनेरी कशावरून?

मेधा: २०१२ मध्ये तपासणी झाली तेव्हा मेनोराच्या शिल्पावर पिवळ्या रंगाचे अंश सापडले. म्हणजे रंगवलेली होती.

सॅम्युअल काका, बी-२०२: ती बैठक आम्हा ज्यूंमध्ये बऱ्याच जणांना पटत नाही. मंदिरातल्या मेनोरावर राक्षस कसे येतील? परंपरेप्रमाणे तिला तीन पाय. १९४९ मध्ये इस्राएलने राजचिन्हासाठी कमानीवरचीच मेनोरा घेतली, तेव्हा तिथले मुख्य रब्बी (धर्मगुरू) हर्झोग यांनी याच बैठकीवर हरकत घेतली होती. आणि ओंकार, हानुकाला, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाला, तू आमच्या खिडकीत बघतोस ती नऊ दिव्यांची, ती वेगळी.

दिलीप: मग खरी गेली कुठे?

मेधा: ४५५ साली व्हँडल या जर्मन टोळीचा राजा गायसेरिक रोममध्ये घुसला. चौदा दिवस लूट चालली होती, ती त्याने कार्थेजला नेली, म्हणजे आजच्या ट्युनिशियात. ५३३ मध्ये बायझंटाईन (पूर्व रोमन) सेनापती बेलिसारियसने त्यांना हरवलं आणि ५३४ ला तीच लूट कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांतून मिरवली! त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की एका ज्यूने दरबारातल्या ओळखीच्या माणसाला बजावलं, या वस्तू राजवाड्यात ठेवू नका. ज्याच्या घरी गेल्या त्याचं वाटोळं झालं, आधी रोम गेलं, आता व्हँडल गेले. हे कानावर आल्यावर सम्राट जस्टिनियन घाबरला आणि सगळं जेरुसलेमच्या चर्चमध्ये पाठवून मोकळा झाला.
तेव्हा, परत करायची तर ती एकदा झालीच म्हणायची 😀 पण प्रोकोपियस नुसता ज्यूंचा खजिना म्हणतो, मेनोराचं नाव घेत नाही. ६१४ मध्ये इराणी सैन्याने जेरुसलेम लुटलं आणि त्यापुढे माग लागत नाही. यात व्हॅटिकन कुठून आलं?

दिलीप: पण इस्राएलच्या मंत्र्यानेच पोपना विचारलं होतं असं यूट्यूबवर सांगतात.

मेधा: विचारलं होतं ना. १९९६ मध्ये, शिमॉन शिट्रीट यांनी. त्यातून हाती काही लागलं नाही. मंत्र्याने विचारलं म्हणून वस्तू तिथे असते असं थोडंच आहे? उलट २०१७ मध्ये व्हॅटिकन आणि रोमचं ज्यू संग्रहालय यांनी मिळून मेनोरावर मोठं प्रदर्शन भरवलं.

सुनीता: लिफ्टवाला आला. किल्ली कुणाकडे?

दिलीप: वॉचमनकडे.

मेधा: मला खरा राग याचा येतो की हरवलेल्या सोन्यावर सगळे तुटून पडतात, आणि ज्या वस्तू कुठे आहेत ते माहीत आहे त्यांची कुणाला पडलेली नाही. बगदादच्या पुस्तकांबद्दल कधी फॉरवर्ड आलाय?

ओंकार: कुठली पुस्तकं?

सॅम्युअल काका: मी सांगतो. २००३ मध्ये अमेरिकन सैन्याला सद्दामच्या गुप्तहेर खात्याच्या तळघरात, कमरेएवढ्या पाण्यात, ज्यूंची पुस्तकं नि कागद सापडले. सुमारे २,७०० पुस्तकं, हजारो कागद. प्रार्थनेची पुस्तकं, शाळेची रजिस्टरं, सेफेर तोराचे, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचे, तुकडे. बुरशी चढू नये म्हणून सगळं गोठवून अमेरिकेला नेलं. दुरुस्त केलं, स्कॅन करून इंटरनेटवर टाकलं. तोराचे जे तुकडे वापरण्याजोगे राहिले नव्हते ते २०१३ मध्ये न्यूयॉर्कजवळ कबरस्तानात रीतसर दफन केले. आमच्यात ते जाळत नाहीत, फेकत नाहीत, माणसासारखं पुरतात.

ओंकार: बाकीचं?

सॅम्युअल काका: तिथेच तर घोडं अडलंय. दुरुस्तीनंतर सगळं इराकला परत द्यायचं असं अमेरिकेने कबूल केलंय.

ओंकार: मग द्यायला हवं ना? इराकमधली वस्तू इराकला. नाहीतर ब्रिटिशांनी नेलेलं आपण कुठल्या तोंडाने मागायचं?

सॅम्युअल काका: बरोबर विचारलंस. पण १९५०-५१ मध्ये लाखाच्या वर ज्यू तिथून निघाले. नागरिकत्व काढून घेतलं, मालमत्ता गोठवली. आज बगदादमध्ये बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ती पुस्तकं ज्यांच्या आजोबांची, ते इस्राएल, लंडन, न्यूयॉर्कला. करार झाला दोन सरकारांत, यांना विचारलं कुणी? माझं मत विचाराल तर जिथे ती वाचणारी माणसं आहेत तिथे ठेवावीत.

मेधा: मला वाटतं ओंकारचाही मुद्दा सोडता येत नाही. उद्या कुठलंही संग्रहालय म्हणेल, तुमच्याकडे आता ते लोकच नाहीत.

सॅम्युअल काका: म्हणू दे. मी माझं मत सांगितलं. आपलं पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे डेव्हिड ससून बगदादचेच, १८३२ मध्ये मुंबईला आले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मात्र कोकणातले. नवगावला जहाज फुटलं, सात बायका नि सात पुरुष वाचले, पोथ्या बुडाल्या, असं आमच्यात सांगतात. आठवणीत राहिली ती शेमाची, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी, प्रार्थना.

दिलीप: काका, समजा उद्या मेनोरा सापडलीच, तर?

सॅम्युअल काका: ठेवणार कुठे? मंदिराच्या जागी तेराशे वर्षांहून जास्त काळ मुसलमानांची पवित्र स्थळं उभी आहेत. त्या टेकडीवर पायरी बदलली तरी दंगल होते. जेरुसलेममध्ये एका संस्थेने नवी मेनोरा घडवून काचेत ठेवली आहे, बघायची तर ती बघा. खरी न सापडलेलीच बरी, असं आपलं मला वाटतं. घरी हे बोललो की मुलगा चिडतो.

सुनीता: लिफ्ट सुरू झाली 🎉 काका, लाल देऊळ आतून बघता येतं का?

सॅम्युअल काका: येतं, पण आधी परवानगी लागते. गेटवर पोलीस असतात, ओळखपत्र लागेल. शनिवारी नको, शब्बाथ (आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस) असतो. रविवारचं विचारून ठेवतो. कोण कोण येणार ते नावं टाका.

ओंकार: मी.

मेधा: मी आणि आई.

दिलीप: मी येतो. आणि तो फॉरवर्ड डिलीट करतोय.

सुनीता: काका, तुम्ही तो तीन ग्रुपवर टाकलाय 😂