पावसाळी रात्री, टॉर्च आणि आपली माणसं: साप-बेडूक शोधण्याचे अनुभव

पाऊसवेडी
काल रात्री लेक खिडकीशी उभा राहून विचारत होता, "आई, हे टिक-टिक काय वाजतंय?" बुश फ्रॉग. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, पण आवाज केवढा! याच्या अंड्यातून टॅडपोल येत नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो, हे सांगितल्यावर झोपायलाच तयार होईना. आणि मला मामासोबतची आंबोली आठवली.

मामा टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायला लावायचा. कमरेशी धरला तर बेडकांचे डोळे चमकलेले दिसतच नाहीत. एकदा आम्ही सगळे खाली बघत पुढे गेलो आणि मामी मागून म्हणाली, "अहो, ही फांदी मध्येच जाड का आहे?" मामीला सापांची भयंकर भीती, आणि चापडा, हा झाडावरचा विषारी साप, तिलाच दिसला! हिरव्यावर तपकिरी नक्षी, शेपटीचा फांदीला विळखा. मामाने दुरूनच उजेड तिरका टाकून डोळा आणि नाकपुडीमधला खळगा दाखवला. त्या खळग्याने त्याला भक्ष्याची ऊब कळते. दुसऱ्या रात्री गेलो तर पठ्ठ्या त्याच फांदीवर.

तुमच्यासोबत कोण होतं, काय दिसलं, लिहा ना. फक्त नेमकी जागा लिहू नका. चापडा एकाच जागी दिवसेंदिवस बसतो आणि असले जीव पकडून विकणारेही वाचत असतात.

कातळसडा
आंबोली म्हटलं की मला तिथला टोड, बेडकाचाच एक प्रकार, आठवतो. शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं २००९ मध्ये, आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. बाबा आणि मी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, भर पावसात गुडघे टेकून बसलो होतो. वीतभर डबकं, त्यात पिवळसर नर, कुशीवर वाघासारखे पट्टे. अंडी, टॅडपोल, सगळं त्या उथळ पाण्यात. पाऊस लांबला की डबकं आटतं, म्हणजे त्या पिल्लांना वेळ किती कमी! लोक त्याच सड्यावर गाड्या चढवतात. एका चाकाखाली अख्खी पिढी जाते हो. जीव तुटतो बघून.

घाईत
मस्त धागा! धुणं आत घेऊन येते मग लिहिते, आलाच पाऊस.

बांधावरचा
आमच्याकडे आत्या. पहिला मोठा पाऊस झाला की "चला रे, पिवळे आले" म्हणून हाक मारायची. तळ्याकाठी पिवळेधमक मोठे बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एरवी तेच हिरवट-मातकट असतात. शहरातून आलेला चुलतभाऊ पैज लावत होता की कुणीतरी रंगवलेत म्हणून 😀 आत्या आता थकलीय, पण यंदाही फोन करून विचारलं, आले का?

मावशी_नं_१
आत्याला नमस्कार सांगा.

लहान मुलं न्या सोबत, त्यांनाच जास्त दिसतं. हरणटोळ, तो हिरवा सडपातळ साप, माझ्या भाचीला दिसला, बरोबर तिच्या उंचीच्या झुडपात. आम्ही दोनदा बाजूने गेलो होतो. डोळ्याची बाहुली आडवी असते त्याची, ते तिनेच दाखवलं.

नवखा
हरणटोळ उडी मारून टाळू फोडतो म्हणतात, खरंय का?

मावशी_नं_१
नाही रे बाबा. झाडावर बसून सरडे, बेडूक खातो. विष सौम्य, माणसाला त्याने सहसा धोका नसतो. म्हणून हात लावायचा असं मात्र नाही.

रात्रपाळी
दवाखान्यात काम करते म्हणून सांगते. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर आहे. चापडा त्यात नाही. तेव्हा घोट्यावर येणारे बूट, हातात काठी, आणि उजेड पडल्याशिवाय पाऊल नाही. दंश झालाच तर घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करा. आणि साप पकडून फोटो काढायचा मोह नको. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण दूर बसून बघितलं तर तो काय करतो ते तरी दिसतं!

बांधावरचा
+१. ताई, रात्रपाळीत कधी झोपता?

रात्रपाळी
आत्ता उठलेय 😀

पवनचक्की
पाऊस नाही, मे महिना चालेल का? चाळकेवाडीच्या पठारावर कॉलेजचे मित्र. दगडावर नर सरडा, गळ्याखालचा पंखा उघडला की निळा, काळा, केशरी. फुटभर अंतरावर दुसरा आला आणि दोघांची पंखे उघड-मिट सुरू. आमच्यातला सगळ्यात बडबड्या मित्र पालथा पडून तासभर गप्प होता, हे आम्ही अजून सांगतो. तिथे पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झालेत आणि सरडे वाढलेत असा अभ्यास २०१८ मध्ये छापून आलाय. सरडे जास्त दिसले म्हणून खूश व्हायचं की नाही, कळत नाही.

शिंपला
कासवं चालतील? वेळासला सासूबाईंसोबत गेले होते. गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात जपतात, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर. टोपलीतून वाळूवर सोडली की समुद्राकडे निघतात. सासूबाई प्रत्येकाला "जा गं बाई, सांभाळून" म्हणत होत्या. त्यांच्याशी माझं फारसं बोलणं नसायचं तेव्हा. परतीच्या गाडीत मात्र तीन तास कासवांवरच बोललो.

मावशी_नं_१
शिंपला, डोळ्यात पाणी आलं गं.

नवखा
शनिवारी बहिणीला घेऊन पहिल्यांदा जातोय. दगड, ओंडके उलटून बघू का? देवगांडूळ बघायचाय, तो गांडुळासारखा दिसणारा बेडकांचा बिनपायांचा भाऊबंद.

कातळसडा
उलटलास तर अलगद, आणि जसा होता तसाच परत ठेव. खाली कुणाचं तरी घर असतं. त्यापेक्षा ओलसर वाट बघत चाल, पावसात देवगांडूळ वर येतो कधीकधी. हातावर डास पळवायचं क्रीम असेल तर बेडकाला अजिबात शिवू नकोस, त्यांची कातडी सगळं शोषते.

पाऊसवेडी
आणि बूट आधी घासून पूर्ण वाळव. बेडकांना मारणारी बुरशी चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते.

घाईत
आले! धुणं भिजलंच. नवखा, बहिणीला पुढे चालू दे, तू मागे. आणि जळवांसाठी मोजे लांब घे रे.

नवखा
ती आत्ताच म्हणतेय टॉर्च मीच धरणार.