गोतावळा ग्रुप: ‘२०२ टक्के बर्फ’ म्हणजे पाणी किती?

दादा (पुणे): फॉरवर्ड आलाय. ‘कॅलिफोर्नियात सरासरीच्या २०२ टक्के बर्फ, दुष्काळ संपला!!’ मनू, तुमची चिंता मिटली म्हणायची 🎉

मनू (सॅन होजे): दादा, हा शिळा आहे. ३० डिसेंबर २०२१ चा आकडा, तोही लेक टाहोजवळच्या एकट्या फिलिप्स स्टेशनचा. तेव्हा बर्फाची उंची ७८.५ इंच आणि त्यातलं पाणी (सगळा बर्फ वितळला तर जेवढं उभं राहील ते) २० इंच होतं. राज्यभराचा आकडा १६० टक्के. पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. जानेवारी ते मार्च ठणठणीत कोरडे गेले आणि १ एप्रिल २०२२ ला त्याच जागी बर्फ अडीच इंच, पाणी १ इंच. सरासरीच्या ४ टक्के! राज्यभर ३८.

अण्णाकाका: म्हणजे २०२ हे त्या तारखेच्या सरासरीशी. जूनअखेर धरणात नेहमीच्या दुप्पट साठा आहे म्हणण्यासारखंच. आपल्याकडे १५ ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बीची आवर्तनं ठरवतात. तिकडची तारीख कोणती?

मनू: १ एप्रिल, काका. साधारण तोवर डोंगरात बर्फ साठतो, मग वितळून धरणांकडे यायला लागतो. फिलिप्सला त्या तारखेची सरासरी २४ इंचांच्या आसपास आहे. त्यामुळे बातमीत आधी बघायचं की टक्के ‘आजच्या तारखेच्या’ सरासरीचे आहेत की ‘१ एप्रिलच्या’. डिसेंबरात पहिला आकडा फुगलेला दिसू शकतो, कारण भागणारी संख्याच लहान असते.

वहिनी: पण बर्फातलं पाणी मोजतात कसं? वितळवून?

मनू: नाही वहिनी, वजन करून. ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते, तुकडे जोडून लांब करता येते, टोकाला दातेरी कडा. आधी रिकामी नळी तोलायची. मग ती सरळ जमिनीपर्यंत घुसवायची आणि बाहेरच्या खुणांवर उंची वाचायची. वर काढल्यावर तळाशी माती दिसलीच पाहिजे, नाहीतर नळी मधल्या बर्फाच्या कडक थरावर अडली असं समजायचं. माती सुरीनं खरवडून तेवढी लांबी वजा करायची, मग भरलेली नळी तोलायची. ठरलेल्या रेषेवर अशी बरीच मापं घेऊन सरासरी.

अण्णाकाका: तोंडाचा व्यास?

मनू: १.४८५ इंच.

अण्णाकाका: वा! क्षेत्रफळ १.७३ चौरस इंच. त्यावर १ इंच पाणी म्हणजे २८.४ ग्रॅम, बरोबर १ औंस. औंसात जेवढं वजन, तेवढे इंच पाणी. गुणाकारच नको.

मनू: बरोब्बर. काट्यावर खुणाही थेट इंचांच्या असतात. घोटाळा होतो तो नळी उन्हात ठेवली की. कोमट धातूला बर्फ आत चिकटतो, पुढचा बर्फ वर चढत नाही आणि वजन कमी भरतं. म्हणून नळी सावलीत ठेवायची. आतला बर्फ उंचीच्या मानानं फारच आखूड दिसला तर ते माप टाकून शेजारी पुन्हा घ्यायचं.

दादा: सेन्सरच्या जमान्यात हे कशाला?

मनू: सेन्सरही आहेत, राज्यात शंभरावर. जमिनीवर मोठी चपटी उशी, आत न गोठणारा द्रव. वरच्या बर्फाच्या वजनानं दाब वाढतो, तो नोंदला जातो. पण कधी मधला कडक थर पुलासारखा आजूबाजूला टेकतो आणि उशीवर भार कमी येतो. मग बर्फ पडतोय तरी आकडा हलत नाही, आणि थर मोडला की एकदम उडी. अशा वेळी हातानं घेतलेलं माप कामी येतं. शिवाय उशा सपाट जागी असतात. वसंतात त्या शून्य दाखवतात तेव्हाही वरच्या उतारांवर बर्फ शिल्लक असतो. त्यासाठी विमानातून लेझरनं उंची मोजतात. नासानं २०१३ मध्ये टुओलमी खोऱ्यात सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचं बरंचसं पाणी त्याच खोऱ्यातलं.

अण्णाकाका: आणि मोजलेलं सगळं धरणात येतं असं थोडंच आहे?

मनू: तिथंच २०२१ मध्ये अंदाज फसला. १ एप्रिलला बर्फ ५९ टक्के होता. पण आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, जमीन तहानलेली. वितळलेलं पाणी मातीतच मुरलं, काही हवेत गेलं. सॅक्रॅमेंटो खोऱ्यात येणाऱ्या पाण्याचा अंदाज महिन्याभरात सुमारे ६,८५,००० एकर-फुटांनी (एकरभर जागेत फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट) खाली आणावा लागला.

अण्णाकाका: एका टीएमसीत (अब्ज घनफुटांत) २२,९५७ एकर-फूट, म्हणजे जवळजवळ ३० टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं भरून २९.१५ होतात. 😮

मनू: हो ना. त्याच ऑगस्टमध्ये ओरोव्हिल धरण इतकं उतरलं की १९६७ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिथली वीजनिर्मिती पाण्याअभावी बंद पडली. तेव्हापासून बर्फाइतकंच मातीच्या ओलाव्याकडेही लक्ष असतं.

वहिनी: आणि तो लाल-पिवळा नकाशा येतो तो?

मनू: तो अमेरिकेतल्या दुष्काळाचा नकाशा, दर गुरुवारी निघतो, माहिती मंगळवार सकाळपर्यंतची. डी० ते डी४ असे टप्पे, डी० म्हणजे नुसता कोरडेपणा. तो पाऊस, ओलावा, प्रवाह असं बरंच एकत्र धरतो. नळाला पाणी किती येईल ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी धरणसाठा वेगळा बघायचा.

दादा: बरं, मग तो फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवरून काढतो. सकाळी तिथंही टाकला होता 🙈